मुलीच्या प्रवेशअर्जाची स्थळपाहणी

अर्ज कसा भरावा, हे मला कोणी शिकवू नये. गेली बावीस वर्षं मी पाणीपुरवठा विभागात आवक कारकून आहे. म्हणजे नळ हवा असो, नको असो, त्याला पाणी येत नसो किंवा नको तितकं येत असो, माणसाला आधी माझ्या खिडकीशी यावं लागतं. मी त्याचा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचतो, रिकामा राहिलेला रकाना शोधतो आणि सापडला की अर्ज परत करतो. नाही सापडला तर पुन्हा एकदा वाचतो. त्यामुळे मुलीच्या हायस्कूल प्रवेशाचा अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की या अर्जाला हात फक्त मी लावणार. जगातल्या कुठल्याही कारकुनाला त्यात बोट ठेवायला जागा मिळणार नाही!

बायको म्हणाली, शाळेतच टेबलं मांडली आहेत, सगळे तिथेच बसून भरतात, दहा मिनिटांचं काम आहे. दहा मिनिटांत भरलेले अर्ज कसे असतात ते मी रोज बघतो, हे मी तिला शांतपणे समजावलं. लोक जन्मतारखेच्या जागी आजची तारीख लिहितात. एका गृहस्थांनी 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात 'मी' असं लिहिलं होतं, आणि वर माझ्याशी वाद घातला होता की यात खोटं काय आहे.

मुलगी या चर्चेत नव्हती. ती स्टुलावर उभी राहून बाहेरच्या खोलीतल्या पंख्याचं झाकण उघडत होती. चौदा वर्षांची पोर, पण हातात स्क्रूड्रायव्हर आला की तिला जेवायची शुद्ध राहत नाही. आमच्या गल्लीतले निम्मे मिक्सर तिच्या हातून बरे होऊन गेले आहेत. या हायस्कूलमध्ये नववीला वर्कशॉपची एक वेगळी तुकडी असते. तिथे खरेखुरे लेथ आहेत, वेल्डिंगची खोली आहे, आणि जागा फक्त तीस. जो आधी अर्ज देईल त्याला जागा, आणि गुरुवारी संध्याकाळी पाचला खिडकी बंद. तिला दुसरं काही नको होतं. वर्षभर तिने सायकलसुद्धा मागितली नाही, एवढंच मागितलं.

"बाबा, आजच देऊन टाकू या ना," ती पंख्याकडे बघत म्हणाली.

तो सोमवार होता. घाईत दिलेला अर्ज म्हणजे परत आलेला अर्ज, असं मी तिला सांगितलं. हे वाक्य माझ्या खिडकीवर लिहून लावलं आहे.

मंगळवारी मी अर्ज ऑफिसात नेला. घरी टेबल डुगडुगतं, आणि ऑफिसातला माझा उजेड चांगला आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून आधी पेन्सिलने सगळा भरला, मग निळ्या शाईने, मग पेन्सिल खोडली. पालकांचा व्यवसाय, तपशिलासह. रक्तगट. ओळखीची खूण, उजव्या कोपरावर तीळ, तो मी आदल्या दिवशी फुटपट्टीने मोजून ठेवला होता. चार पानांवर एक रकाना रिकामा नाही. मी अर्ज एकदा वाचला, दोनदा वाचला, आणि खरं सांगतो, मन भरून आलं. बावीस वर्षांत इतका देखणा अर्ज माझ्या टेबलावर आला नव्हता.

आणि तिथेच घात झाला. पूर्ण भरलेला अर्ज समोर दिसला की माझा हात काय करतो, ते मला सांगावं लागत नाही. तो शिक्क्याकडे जातो.

धप्प!

'पाणीपुरवठा विभाग. आवक.' खाली तारीख. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईत, एकही अक्षर पुसट नाही. बरं, हात तिथे थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याने नोंदवही ओढली, लाल शाईने पुढचा क्रमांक टाकला, चार हजार एकशे सतरा, समोर मुलीचं नाव लिहिलं, 'विषय: प्रवेश' लिहिलं आणि तोच क्रमांक अर्जावरही घातला. नोंदवही मिटताना मला कळलं की आपण काय केलं! जित्याची खोड म्हणतात ती ही.

समोरच्या टेबलावर जावक बाई बसतात. मी आत आलेले कागद घेतो, त्या बाहेर जाणारे पाठवतात. त्यांनी माझा चेहरा पाहिला, उठून येऊन अर्ज पाहिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मी हळूच म्हणालो, खिशात घालून नेतो, कोणाला काय कळणार आहे. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'नोंदवहीत खाडाखोड करू नये. आत आलेला कागद जावक क्रमांकाशिवाय बाहेर जाणार नाही.' पाटी माझ्या अक्षरात आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार?

जावक क्रमांक हवा तर कागदाचा निकाल लागायला हवा. निकाल साहेब लावतात. म्हणजे माझ्या मुलीचा शाळाप्रवेश आता पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या हातात होता.

संध्याकाळी घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली की शाळेत जाऊन दुसरा अर्ज मागा. आता तिला काय सांगायचं? अर्जाच्या तळाशी स्वच्छ छापलं होतं, 'एका विद्यार्थ्यास एकच अर्ज दिला जाईल.' छापलंय म्हणजे छापलंय. मी स्वतः अशा ओळीवर बोट ठेवून शेकडो लोकांना घरी पाठवलं आहे.

"मी जाऊन विचारू का?" मुलीने विचारलं.

मी तिला बजावलं की अजिबात विचारायचं नाही. पहिला अर्ज खराब केला, हे शाळेला आपल्याच तोंडाने सांगायचं? हायस्कूलमध्ये पाऊल टाकायच्या आधीच नावापुढे त्रुटी? आपण नियमाने आत अडकलो आहोत, नियमानेच बाहेर येऊ. पंखा तिने दुरुस्त केला होता, पण त्या दिवशी लावून दाखवायला मात्र विसरली.

बुधवारी सकाळी मी अर्ज साहेबांसमोर ठेवला. आमचे साहेब माणूस सज्जन आहेत. सकाळी चाळीसेक कागद त्यांच्यासमोर येतात आणि डाव्या हाताने फोन कानाशी धरून उजव्या हाताने ते प्रत्येक कागदावर एकच वाक्य लिहितात, 'स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा.' खाली सही. मी म्हणालो, साहेब, याचं जरा वेगळं आहे. त्यांनी फोनवर बोलता बोलताच पंजा वर केला, म्हणजे थांबा, आणि तोवर लिहून मोकळे झाले. माझ्या देखण्या अर्जाच्या वरच्या मोकळ्या जागेत आता हिरव्या शाईतलं वाक्य तिरकं धावत होतं.

स्थळपाहणी करतात ते आमचे अहवालराव. खरं नाव वेगळं, पण ऑफिसात सगळे अहवालरावच म्हणतात, कारण त्यांचा अहवाल आठवड्याच्या आत कधी आल्याचं कोणाला आठवत नाही. यात थोडा वाटा माझाही आहे. त्यांचे अहवाल मी समासात लिहिलं म्हणून परत केले आहेत. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं की यात मी काय पाहू. मी म्हटलं, काही पाहू नका हो, नुसतं 'पाहिलं' असं लिहा. तर ते ताठ झाले. न पाहता 'पाहिलं' लिहिलेला अहवाल चालत नाही, असं मीच त्यांना तीन वर्षांपूर्वी ऐकवलं होतं म्हणे. त्यांना तारीखही आठवत होती.

शेवटी त्यांच्या हातापाया पडून त्याच दिवशी चार वाजताची वेळ ठरली. अर्जावर पत्ता आमच्या घराचा, तेव्हा स्थळ म्हणजे आमचं घर.

मी वाटेत फोन करून बायकोला सांगायला हवं होतं. ते राहिलं. दार उघडून पाहते तो समोर टेप घेतलेले अहवालराव, मागे हत्यारांची पिशवी घेतलेला फिटर आणि त्यांच्या मागे मान खाली घातलेला मी! तिला वाटलं आमचं पाणी तोडायला आले. शेजारच्या काकूंनाही तसंच वाटलं, आणि पाच मिनिटांत जिन्यावर गर्दी जमली. पाणीखात्याच्या माणसाच्याच घरी धाड! एवढा आनंद त्या जिन्याला कित्येक वर्षांत झाला नसेल.

अहवालरावांचा अहवाल छापील असतो. एकूण नळ किती, मीटर कुठे, टाकी आहे का, गळती आहे का. माझ्या धाकाने त्यांनी एकही रकाना सोडायचा नाही असं ठरवलं होतं. त्यांनी न्हाणीघर मोजलं. स्वयंपाकघर मोजलं. बायकोला बाजूला व्हायला सांगून ओट्याखालची जागा मोजली, आणि तिथून फिटरला हाक मारली.

ओट्याखालचा पाइप दोन वर्षं गळत होता. तक्रार करायची तर रीतसर अर्ज करायला हवा, आणि माझ्याच खिडकीशी मीच कसा उभा राहू, म्हणून मी बादली ठेवून दिवस काढत होतो. मग एके दिवशी गळती थांबली. मला वाटलं, आपोआप थांबली! प्रत्यक्षात मुलीने सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दोन पट्ट्या लावून तिथे जोड बसवला होता. फिटर तिथे आडवा झाला, बॅटरी लावून बराच वेळ बघत राहिला आणि केसांना जळमटं लावून बाहेर आला. हा जोड कोणी बसवला, असं त्याने विचारलं. मुलगी दारातून म्हणाली की मी.

पुढची वीस मिनिटं ती दोघं ओट्याखालीच होती. वॉशर कुठला, पट्टी किती आवळायची, आधी कोरडं कसं केलं, असं बोलणं चाललं होतं. आम्ही बाकीचे उभे होतो. बाहेर येऊन फिटर कपडे झटकत मला म्हणाला, "साहेब, पोरीला कुठे घालताय?"

"वर्कशॉपच्या तुकडीत," मुलीनेच उत्तर दिलं. "अर्ज पोचला तर."

ती हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी अहवाल माझ्या टेबलावर आला. अहवालरावांच्या कारकिर्दीतला सर्वांत जलद अहवाल, याबद्दल मी त्यांचे आभार मानले आणि वाचायला घेतला. 'गळती नाही. ओट्याखालील जोड अर्जदार मुलीने स्वतः बसविला आहे. जोड अनधिकृत, परंतु उत्तम.' अनधिकृत! म्हणजे आता घरमालकाचा खुलासा हवा. घरमालक मीच. मी खुलासा लिहिला, खिडकीच्या बाहेर जाऊन तो आत सरकवला, आत येऊन घेतला, शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि दोन्ही कागद टाचून दुपारी साहेबांकडे नेले. साहेब फोनवर होते. त्यांनी खुलाशावर लिहिलं, 'स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा.'

मी परत येऊन खुर्चीत बसलो. दुपारचे साडेतीन वाजले होते. खिडकीबाहेर रांग होती, पण मी कोणाचाही कागद घेतला नाही. हरायचं नाही हे तर नक्की होतं, फक्त पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं.

जावक बाई उठल्या. माझ्यासमोरचे कागद उचलून त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. त्यांनी काय केलं असेल? साहेबांच्या हातातला फोन काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, इथे 'निकाली' लिहा. साहेबांनी घाबरून लिहिलं. बावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं!

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी जावकचा शिक्का मारला आणि अर्ज माझ्या हातात दिला. म्हणाल्या, आता पळा. आणि तारीख राहिली म्हणून माझा रजेचा अर्ज तुम्ही दोनदा परत केला होता, तो विसरू नका. मी म्हटलं, जन्मात विसरणार नाही.

मुलगी शाळेच्या फाटकाशी उभी होती. आम्ही पळतच आत गेलो. रांगेत आमच्यापुढे चौघं होते, आणि प्रत्येकाचा अर्ज घेतला जाताना ती बोटांवर काहीतरी मोजत होती. जागा मोजत होती, हे मला नंतर कळलं. खिडकीत दोरीने चष्मा गळ्यात अडकवलेल्या एक बाई होत्या. आमची पाळी आली तेव्हा पाचला वीस कमी होते.

मी अर्ज आत सरकवला. त्यावर आता जांभळा आवक शिक्का, हिरवं तिरकं वाक्य, मागे टाचलेला अहवाल, खुलासा आणि जावक शिक्का एवढं सगळं होतं. बाईंनी चष्मा चढवला.

"हा पाण्याच्या ऑफिसचा कागद आहे," त्या म्हणाल्या.

नाही हो, शाळेचाच आहे, मी सांगू लागलो. शिक्का चुकून पडला, मग नियमाप्रमाणे... त्यांनी मान हलवली. दुसऱ्या ऑफिसात दाखल झालेला आणि तिथेच निकाली काढलेला कागद त्यांना घेता येणार नव्हता. त्यांचं अगदी बरोबर होतं. मीही हेच म्हणालो असतो, आणि तेही इतक्या सौम्यपणे नव्हे.

"बाई, मुलीचं वर्ष आहे हो," मी म्हणालो. "माणूस आहे, चूक होते. एवढ्या वेळी सांभाळून घ्या."

हे वाक्य मी रोज ऐकतो. इतक्या वेळा ऐकलं आहे की पहिल्या दोन शब्दांनंतर मी ऐकायचं सोडून देतो. आपल्या तोंडून ते काढणं किती जड जातं, हे मला माहीत नव्हतं. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. समोर काचेच्या दारामागे लेथ ओळीने उभे होते, त्यांच्याकडे बघत होती. मला फार भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

बाईंनी खालचा खण उघडला आणि एक कोरा अर्ज काढून खिडकीतून बाहेर दिला.

एकच अर्ज मिळेल असं छापलंय ना, मी कसंबसं विचारलं.

"लोक पाच-पाच नेतात आणि शेजारी वाटतात, म्हणून छापलंय," बाई म्हणाल्या. "खराब झाला तर देतो की दुसरा. विचारायचं ना!"

मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं. दोन जागा उरल्या होत्या, आणि मागे रांग होती. मी पेनासाठी हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या की तिला भरू द्या, शिकायचं तिला आहे. ती कट्ट्यावर वाकून भरायला लागली. भराभर, पेन्सिल नाही, फुटपट्टी नाही. तिळाची लांबी तिने अंदाजाने लिहिली. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बाईंचं लक्ष पुन्हा जुन्या अर्जावरच्या जांभळ्या शिक्क्याकडे गेलं. पाण्याच्या ऑफिसात कशाला गेलात, असं त्या सहज बोलू लागल्या. "तिथे आवकच्या खिडकीत एक माणूस बसतो बघा. माझ्या सासूबाईंना चार वेळा परत पाठवलं त्याने. बहात्तर वर्षांची बाई. शेवटच्या वेळी का, तर फोन नाही म्हणून तो रकाना रिकामा सोडला होता. म्हणे, 'नाही' असं लिहून आणा. लोक त्याला त्रुटीकाका म्हणतात. भेटला का तुम्हाला?"

मला हे नाव माहीत नव्हतं. मुलीला माहीत असावं, कारण ती मान वर न करता लिहीतच राहिली.

"ऐकून आहे," मी म्हणालो.

मग मुलीचं पेन थांबलं. मी वाकून पाहिलं. दुसरं पान, तिसरा रकाना, 'पालकांचा व्यवसाय, तपशिलासह.' बाई अर्ज हातात घ्यायला खिडकीतून वाकल्याच होत्या. मुलीने डाव्या हाताने कट्ट्यावरचा जुना अर्ज ओढला, अहवालासकट चार घड्या घातल्या आणि खिशात कोंबला. उजव्या हाताने त्या रकान्यात एकच शब्द लिहिला आणि अर्ज आत सरकवला.

'नोकरी.'

कुठली नोकरी, कोणता विभाग, कोणतं पद, काही नाही! इतका मोघम रकाना मी बावीस वर्षांत एकदाही चालवून घेतलेला नाही. बाईंनी त्यावरून नजर फिरवली, शिक्का मारला, एकोणतिसावा क्रमांक टाकला आणि पोचपावती मुलीच्या हातात दिली. खिडकी बंद होईपर्यंत मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.